रश्श्याच्या डागाचे निळे जाकीट

प्रति,
मा. अधीक्षक,
फोर्ट हेंड्रिक्सन ऐतिहासिक स्थळ,
न्यूयॉर्क राज्य.

विषय : काचेच्या कपाटातील आमच्या आईचे जाकीट परत मिळणेबाबत.
संदर्भ : सदर कपाटावरील आपली पाटी.

महोदय,

१. मी, पत्नी कोरिन, मुलगी टेस व आई असे आम्ही चौघे अठराव्या शतकातले कपडे घरी शिवतो आणि ते घालून सुट्टीच्या दिवशी जुने किल्ले पाहत फिरतो. शेजारी हसतात, त्याची आता सवय झाली आहे.

२. आपल्या किल्ल्यावरील जुलैच्या मेळाव्यात फार उकडू लागल्याने आईने आपले निळे लोकरी जाकीट अधिकाऱ्यांच्या खोलीतील खुंटीवर टांगले व ती लिंबू सरबत प्यायला गेली. परत येईतो खोलीला कुलूप. दारावरची मुलगी म्हणाली, "आत तुमचं काही नाही, आजी. सगळं इथलंच आहे."

३. ऑगस्टमध्ये जाकीट काचेआड दिसले. पाटी अशी : "स्त्रीचे जाकीट, सुमारे १७७८. हातशिलाई दुर्मीळ दर्जाची. अस्तरावरील डाग बहुधा जखमी सैनिकाच्या रक्ताचा. शिवणारी अज्ञात."

सदर डाग टर्कीच्या रश्श्याचा आहे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तो मी टेबलक्लॉथवर सांडला होता. आई काही वाया जाऊ देत नाही. तिने त्याच कापडाचे अस्तर लावले. डागाचा उरलेला अर्धा भाग सोबत जोडला आहे, कृपया जुळवून पाहावा.

४. मागील रविवारी सफाईसाठी कपाट उघडे होते, म्हणून आईने सुरकुतलेली बाही सरळ केली. आपले रखवालदार तिचा दंड धरून ओरडले, "आजी, जुन्या वस्तूंना हात लावायचा नाही!" आई म्हणाली, "मग माझा दंड सोड." तरी तिला फाटकाबाहेर नेण्यात आले. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना.

५. आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. सुई ओवायला आता टेसला हाक मारावी लागते. हे तिने शिवलेले शेवटचे जाकीट, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. घरात कोणी तसे बोलत नाही. म्हणून शनिवारच्या मेळाव्याआधी ते परत मिळावे, असा हा अर्ज लिहिला आणि पाकिटात घालण्यापूर्वी तिला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "परत कशाला मागतोस रे? इतक्या लोकांनी माझी शिलाई कधी पाहिली होती? राहू दे तिथंच. तेवढं 'अज्ञात' खोडायला सांग. मी काय अज्ञात आहे?"

६. सबब वरील विषय रद्द समजावा. जाकीट तेथेच ठेवावे, पाटीवरून साल व रक्त काढून टाकावे आणि शिवणारी म्हणून 'अर्डिस व्हँडरमार्क' असे लिहावे. शनिवारी आई स्वतः पाटी वाचायला येणार आहे. तिला चष्म्यानेही नीट दिसत नाही, तरी अक्षरे मोठी काढावीत, ही कळकळीची विनंती.

आपल्या किल्ल्याचा नेहमीचा पाहुणा व अर्डिसबाईंचा मुलगा,
लोवेल व्हँडरमार्क
१२ सप्टेंबर

सोबत : टेबलक्लॉथचा तुकडा, डागासह.