गोंदणाचे ठिपके

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आजही बिघडलंच. आईच्या हातावरचं गोंदण तिच्याच जुन्या लुगड्यावर उतरवायचं, एवढंच तर होतं! जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर नक्षी कापली. तुळस छान उमटली. पण भोवतीचे ठिपके? स्पंज टेकवला की रंग फिल्मखाली शिरतो आणि दोन ठिपके मिळून एक डाग होतो. मानवतहून आणलेला घट्ट रंग वापरला, स्पंज जवळजवळ कोरडा घेतला, तरी तेच. आता लुगड्याचा शेवटचा तुकडा उरलाय. माझाच हात जड आहे का?

चिडून फिल्म भिरकावली, तेवढ्यात आई आली. डागाळलेलं कापड उजेडात धरून बघत राहिली.

"आई, बघू नको. ठिपके सगळे पसरलेत."

"आगं, माझे बी पसरलेच की. गोंदलं तवा मव्हरीएवढे होते." तिने हात कापडाशेजारी ठेवला. "बघ, सारखंच दिसायलंय."

दिसत होतं खरंच. तिला हसू आलं, मला नाही. मला ते मोहरीएवढे ठिपकेच हवे होते. तिच्या हातावर ते मी कधी पाहिलेच नाहीत.