सहा बाटल्यांची पेटी

रविवार, ३ नोव्हेंबर

तक्रार नोंदवून ठेवतो. कारखान्याने दिलेल्या या घराचे सगळे दरवाजे उलटे उघडतात. सेहेचाळीस वर्षं ज्या हाताने दारं ओढली तो हात इथे निरुपयोगी ठरला असून सकाळपासून कपाळावर दोन आणि गुडघ्यावर एक असे एकूण तीन आघात झाले आहेत. हा सुतार कोणत्या परंपरेतला, त्याचे गुरू कोण, याचा शोध घ्यायला हवा. ही म्हणते, "दारं सरळच आहेत, तुम्हीच उलटे आहात." असो.

आगगाडीत दोन दिवस, मग कारखान्याच्या जीपमध्ये चार तास. देश एवढा लांबलचक असेल असं नकाशात वाटत नाही. थोरलीने (वय सहा) डब्यातल्या प्रत्येकाला सांगितलं की बाबांना खताच्या कारखान्यात साहेब केलंय. धाकटे महाराज (वय तीन महिने) सगळा प्रवास झोपून होते. दगदगीने हिचं दूध आटलं, म्हणून महाराज आता डब्याच्या पावडरीवर.

जुना कारखाना बंद पडल्याला अकरा महिने झाले. माझ्या वयाच्या केमिस्टला लोक "कळवतो" म्हणतात. इथल्यांनी "या" म्हटलं. हिने शाळेतली कायमची नोकरी सोडली आणि त्यावर एक शब्द काढला नाही. तो न काढलेला शब्द सामानाबरोबर इथवर आलाय.

सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रयोगशाळा स्वच्छ, उपकरणं माझ्याहून तरुण. खतं तपासायची आणि दर सोमवारी वसाहतीचं पिण्याचं पाणी. इथली रीत अशी — केमिस्टने जागचं हलायचं नाही. नमुने आणणारा वेगळा, तपासणारा वेगळा. सकाळी दहाला एक पांढऱ्या मिशांचा माणूस लाकडी पेटी घेऊन येतो. आत सहा बाटल्या, प्रत्येकीवर चाळीचं किंवा बंगल्याचं नाव चिकटवलेलं. सगळे त्याला पेटीवाला म्हणतात. त्यालाही तेच आवडतं.

नायट्रेट लिटरला बारा मिलिग्रॅम. पंचेचाळीसपर्यंत चालतं. सही ठोकली. पेटीवाल्याने कागद दोन्ही हातांत धरला, प्रसाद घ्यावा तसा. तो स्वतः कामगारांच्या चाळीत राहतो आणि तिथल्या फळ्यावर हा कागद लावण्याचा मान त्याचा.

लहानपणी संस्कृत पाठशाळेत गुरुजींनी पाण्याची नावं घोकून घेतली होती. सलिल, तोय, उदक, जीवन. आज पहिल्यांदा त्या घोकंपट्टीचं सार्थक झालं. अकरा महिन्यांनंतर माझ्या सहीला कुणीतरी जागा दिली.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

शेजारच्या वहिनींच्या दारात पाण्याचा मोठा कॅन. पलीकडेही. त्याच्याही पलीकडे. साहेबलोकांच्या बारा घरांत बारा कॅन, रोज टेम्पोने येतात. हिने विचारलं तर वहिनी म्हणाल्या, चव आवडत नाही हो. आणि विषय बदलला.

मी हिला म्हटलं, आपण नळाचंच प्यायचं. पाणी तपासणाराच कॅन मागवायला लागला तर स्वयंपाक्याने स्वतःच्या घरी उपाशी राहण्यातला प्रकार होईल. ही हसली. महाराजांच्या दुधाचं पाणी मात्र ती दहा मिनिटं उकळते. मी म्हटलं, पंधरा मिनिटं उकळ. काळजी घेतलेली बरी.

सोमवार, ११ नोव्हेंबर

बारा. सही.

पेटीवाला जाता जाता रेंगाळला. चाळीतल्या बायका खूश आहेत म्हणे. आधीचे साहेब कॅनचं प्यायचे, नवे साहेब नळाचं पितात, त्यांचं तान्हंसुद्धा तेच पितं — हे त्यानेच सगळीकडे सांगितलंय. त्याची नात चार महिन्यांची. सूनही पावडरीचंच दूध देते. "पूर्वी जरा भ्यायची. आता तुमचं नाव सांगितल्यावर निर्धास्त झाली, साहेब."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा छाती थोडी पुढे आली असावी, कारण हिने दार धरून ठेवलं, "आपटाल" म्हणून.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

महाराज दोन दिवस मलूल. रडतात, पण रडण्यात जीव नाही. दुपारी थोरली वहीतून डोकं काढून म्हणाली, "बाबा, बाळाच्या ओठांना शाई लागलीय."

ओला रुमाल घेऊन पुसत बसलो. गेली नाही.

कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, थंडी. लोकरीचं टोपडं घाला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

टोपडं घातलं. नखंही तशीच दिसतात. ही म्हणाली, डॉक्टर म्हणतायत ना. मी म्हटलं, हो, म्हणतायत.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सहाही बाटल्या पुन्हा बारा.

तीन सोमवार झाले. सहा ठिकाणचं पाणी, जुन्या लोखंडी नळांतून आलेलं, मध्ये दोन टाक्या — आणि आकडा एकच? जुळ्या भावांतही याहून जास्त फरक असतो. सही केली. मग पेन बराच वेळ हातातच राहिलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाची एक बाटली भरून घेतली. हिने उकळून ठेवलेल्या पातेल्यातली दुसरी. चोरासारखी पिशवीत घातली.

नळाचं पाणी — एकशे अठरा.

उकळलेलं — एकशे एकोणसाठ.

नायट्रेट उकळून जात नाही. पाणी उडतं, ते मागे राहतं. हे मी जुन्या कारखान्यातल्या शिकाऊ पोरांना शिकवलंय! पंधरा मिनिटं उकळ असं मीच सांगितलं. पाच मिनिटं जास्त, माझ्याकडून.

मोठ्यांना एकदम काही होत नाही. तान्ह्याचं रक्त मात्र प्राणवायू धरेनासं होतं. ओठ निळे पडतात. मी चार दिवस ते ओठ रुमालाने पुसले.

हिला फोन केला. दुधाची बाटली फेकून दे, टोपडं राहू दे, निघ.

बुधवार, २० नोव्हेंबर

शहरातलं इस्पितळ. रक्त काढलं ते तपकिरी होतं. एक गडद निळं औषध शिरेतून दिलं. निळ्यावर निळं — वैद्यकशास्त्राचा विनोद असेल, मला हसू आलं नाही. तासाभरात ओठ गुलाबी झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अजून दोन दिवस काढले असते तर त्यांनी आम्हाला वेगळ्या खोलीत बसवून बोलणं केलं असतं.

हिने माझा हात धरला होता. का धरला होता, कळत नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

घरी आलो. दाराशी कॅन ठेवलेला. न मागता.

मोठ्या साहेबांनी बोलावलं. स्वतः उठून खुर्ची दिली. बाळाची चौकशी केली, अगदी मनापासून. मी आकडे सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. खताच्या गोदामाखालून विहिरीत पाझर आहे, चार वर्षं झाली. सहाही बाटल्या अतिथिगृहाच्या मागच्या नळावर भरतात, त्याची बोअर वेगळी आहे. पेटीवाल्याला याची कल्पना नाही. सगळीकडचं पाणी इथूनच जातं म्हणून त्याला दाखवलेला नळ तो, दिलेल्या चिठ्ठ्या त्या. तो आपला इमानाने भरून आणतो.

म्हणाले, "आपण अहवाल नमुन्याचा देतो. पाण्याचा नाही. तुमचा नमुना चांगला आहे, तुम्ही चांगला म्हणता. यात खोटं काय?"

एवढा शुद्ध तर्क पाठशाळेतसुद्धा ऐकला नव्हता. नवी विहीर मंजूर व्हायची आहे, तोवर सांभाळून घ्या, म्हणाले. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला मी वेगळं काय सांगणार. मी मान हलवली. ती कोणत्या दिशेने हलली हे त्यांना नीट कळलं.

घरी हिला सगळं सांगितलं. ती कॅनचं पाणी पातेल्यात ओतत होती. ओतणं न थांबवता म्हणाली, "पेटीवाल्याच्या सुनेला कळवलंत का?"

सोमवारी येईलच तो, मी म्हटलं. समोरासमोर सांगतो.

"चाळ दहा मिनिटांवर आहे," ती म्हणाली.

रविवार, २४ नोव्हेंबर

चाळीपर्यंत गेलो होतो. फळ्यावर माझी सही दिसली. दोरीवर झबली वाळत होती. परत आलो. 

सोमवार, २५ नोव्हेंबर

दहाला पेटी आली. सहा बाटल्या. मनात वाक्य तयार होतं, रात्रभर घासूनपुसून ठेवलेलं. शेजारच्या टेबलावर मोठ्या साहेबांचा माणूस उगाच फायली चाळत बसला होता.

पेटीवाल्याने पेटी खाली ठेवली आणि आधी बाळाचं विचारलं. बरं आहे म्हटल्यावर त्याने हात जोडले. "काय झालं होतं, साहेब?"

"थंडी," मी म्हणालो.

बारा. सही केली. एक आठवडा मिळाला, विचार करायला. पुढच्या सोमवारच्या आत काहीतरी करीन.

हिला सांगितलं की तो आज आलाच नव्हता.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पेटीवाला आज कामावर नाही. निरोप आला, नातीचे ओठ निळे पडलेत, पण काळजीचं कारण नाही. थंडी आहे, साहेबांच्या बाळालाही झाली होती, आपोआप उतरली. टोपडं घालून घरीच ठेवलंय.

निरोप येऊन वीस मिनिटं झाली. मी अजून टेबलाशीच आहे, हे लिहितो आहे. आता उठेन, जाईन. पण या पानाला तरी खरं सांगतो — वीस मिनिटं मला त्या पोरीची काळजी वाटत नव्हती. घर सोडावं लागेल, याची वाटत होती.