लोणच्याचा हात

प्रिय मिसाओ,

उजी गावात थंडी पडू लागली. वसंतात चहाच्या मळ्यावर सावलीसाठी घातलेल्या गवताच्या चटया अजून अंगणातच पडून होत्या, त्या काल मी एकटीनं छपराखाली टाकल्या. शेजारचे कुराताआजोबा बघत होते. 'वहिनी, जपून हं!' म्हणाले आणि सिगारेट पेटवली. मदतीला काही आले नाहीत.

चहाविधी शिकवणाऱ्या गुरुजींचा पुन्हा फोन आला. 'इकुयोबाई, बरणी कधी उघडणार?' वर्षाची नवी बरणी फोडून होणाऱ्या नोव्हेंबरातल्या पहिल्या चहाला त्यांना ह्यांचीच पूड हवी. मी म्हटलं, बघते. बघणार काय, डोंबल! मे महिन्यातली निरनिराळी पानं ह्यांनी चव घेऊन एकत्र जुळवली, मातीच्या बरणीत भरली, तोंडावर कागद चिकटवून शिक्का मारला आणि ऑगस्टात गेले. त्या बरणीत काय आहे हे ठाऊक असलेलं माणूस आता एकच. तू.

हे लिहितानाही जळते मी. लपवून काय करू? लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी लोणचं मुरवायचं कोंड्याचं पिंप माझ्या हवाली केलं. मुळा, काकडी, वांगी. रोज हात घालून तळापासून ढवळायचं, नाहीतर कोंडा नासतो. त्या हाताचा वास साबणानं जात नाही, आणि चहा तर जवळ येईल तो वास पिऊन टाकतो. म्हणून चहा दळायच्या जात्याच्या खोलीच्या उंबऱ्यावरच हे मला थांबवायचे. 'अगं, तिथंच थांब! लोणचं आलं, लोणचं!' हे हसायचे आणि आतून तूही हसायचीस. रात्री जेवताना तेच लोणचं मागून मागून खायचे, तो भाग वेगळा.

तू शाळा संपवून कामाला आलीस ती थेट आतच गेलीस. 'पोरीची जीभ सोन्याची आहे,' म्हणायचे. दार सरकवून तुम्ही दोघं आत, पांढऱ्या वाट्या मांडलेल्या, घोट घेतल्याचा सुर्रकन आवाज. मग ह्यांचं 'हं'. मग तुझं 'हं'. मिसाओ, त्या 'हं'चा मला किती राग यायचा! तुमच्यात वावगं काही नव्हतं, मला माहीत आहे. असतं तर भांडता तरी आलं असतं. वाचनालयातून चहावरची पुस्तकं आणून मी वाचली. सावलीत पान गोड का होतं ते कळलं, जातं सावकाश का फिरवायचं ते कळलं. तुमच्या 'हं'चा अर्थ कुणी लिहिलेला नव्हता.

अंत्यविधीला व्यापारी आले ते आधी तुझ्यापुढे वाकले. 'आता तसा चहा होणे नाही, मिसाओबाई.' मी काळ्या कपड्यांत शेजारीच उभी. तू घाईनं मला पुढे केलंस, 'वहिनी, तुम्ही या ना,' आणि ते तर आणखीच झोंबलं. सातव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर मी म्हटलं, खोलीची किल्ली ठेव आणि जा. तू ठेवलीस. रडली असतीस तर बरं झालं असतं.

तेव्हापासून खोली बंद आहे. किल्ली माझी, दार माझं, तरी उंबऱ्याशी आले की पाय थबकतात. कुणी अडवत नाही, याचीच सवय होत नाही.

म्हणून लिहिते आहे. येत्या रविवारी सकाळी ये. शिक्का तूच फोड, पान जिभेवर ठेव, तुझं ते 'हं' म्हण. गुरुजींचा वाटा आधी दळून डब्यात बंद कर, त्यांचं नुकसान नको. मग मला आत घे. त्या सकाळीही मी पिंपात हात घालूनच येणार आहे. तुझ्या अंगावर काटा येईल, येऊ दे. उरलेली पानं जात्यात घाल आणि दांडा माझ्या हातात दे. ह्यांच्या शेवटच्या चहाला माझाही वास लागू दे. तो आपण दोघी पिऊ. मला पाहून 'लोणचं आलं' म्हणालीस तरी चालेल. तसं म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

रविवारपुरती तरी तुझीच,
इकुयोवहिनी