पांढरा फेटा

शेठ, तुमच्या मुलाने मला फोन केला तेव्हा मी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं आणि दुपारपर्यंत बाहेर बसवून ठेवलं. आत मला काहीही काम नव्हतं. मी वर्तमानपत्र वाचलं, नखं कापली, मधेच दार किलकिलं करून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. नाक तुमचंच, बसण्याची ढबही तुमचीच, फक्त तुमचा माज त्याच्यात उतरलेला नाही, त्यामुळे माझी जरा पंचाईत झाली. सोलापूरचे टॉवेल व्हिएतनामला जावेत म्हणून जे जे लागतं ते करून देणं हा आता माझा धंदा आहे. तिथे हॉटेलं भराभर उभी राहताहेत, हवा दमट, आपला जाडजूड टॉवेल तिथे वाळता वाळत नाही. मग मी इथल्या कारखानदारांना पातळ विणायला लावते, नमुने पाठवते, तिकडची माणसं इकडे आणते. तुमचे निम्मे माग बंद पडलेत. व्हिएतनामची ऑर्डर मिळाली नाही तर उरलेलेही भंगारात जातील, असं त्याने स्वतःच सांगितलं. मी चेहरा सरळ ठेवून ऐकलं, पण आतून मला फार बरं वाटलं.

हे पत्र तुम्हाला अरेतुरे करून लिहायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. टेंभुर्णीहून येऊन बी.कॉम. करून मी तुमच्या ऑफिसात चिकटले, तेव्हा टॉवेल म्हणजे अंग पुसायचं फडकं एवढंच मला कळत होतं. बाकीचं तुम्ही शिकवलंत. टॉवेल डोळ्यांनी नाही, गालाने बघायचा. दुपारी गोदामात तुम्ही एकेक टॉवेल माझ्या हातात देताय, मी गालाला लावून सूत ओळखतेय, चुकलं की तुम्ही फक्त "परत" म्हणताय. हे मी नाकारत नाही. पण दुबईचं पहिलं गिऱ्हाईक मी मेल पाठवून पाठवून मिळवलं, आणि तो माणूस आला त्या दिवशी तुम्ही त्याच्यादेखत मला चहा सांगायला पिटाळलंत. मी येईपर्यंत सगळा पत्रव्यवहार तुम्हीच केल्याचं त्याला सांगून झालं होतं. संध्याकाळी मी तोंडावर विचारलं, तर म्हणालात, "जा की मग. ह्या रस्त्यावरच्या कारखान्यांत तुला कोण ठेवून घेतंय तेच बघतो." तेवढ्यावर थांबला नाहीत. मी पार्ट्या फोडते, मालकाची गिऱ्हाइकं चोरून दुसऱ्याला देते, असं एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्यात पसरवलंत. मग मला कुणी दारात उभं केलं नाही. माझे वडील, अण्णा, एसटीने आले आणि तुमच्या फाटकाशी वॉचमनच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून दिवसभर बसले. संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन म्हणाले, "मालक लई कामात हायेत म्हणं." आणि पाणी मागितलं.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी रागच आला. सूड घ्यायला माणूस जिवंत लागतो, आणि तुम्ही तर आरामात सुटलात. मग तुमचा मुलगा आला. त्या वेळी तो पुण्याला हॉस्टेलवर होता, त्याला यातलं काहीही ठाऊक नाही. म्हणून मी त्याला सोडायचं का? मला कुणी सोडलं होतं?

मोठ्या गिऱ्हाइकाला पांढरा फेटा बांधायची तुमची रीत कारखान्याने अजून टिकवली आहे. टॉवेलच्या कारखान्यात फेट्याचं कापड कोण विणतं? पण तुम्ही एक जुना माग खास त्यासाठी राखला होता. आता व्हिएतनाममध्ये मी रस्त्यावरून जाणारी एक प्रेतयात्रा पाहिली आहे. मुलांनी, सुनांनी डोक्याला पांढरं कापड बांधलेलं होतं. घरातलं माणूस गेलं की तिथे ते बांधतात. म्हणून पाहुणे यायच्या आधी मी प्रत्येक कारखानदाराला बजावते, हार घाला, शेंगाचटणी खायला घाला, पण डोक्याला पांढरं लावू नका. तुमच्या मुलाला मी कार्ड दोन्ही हातांनी द्यायला शिकवलं, भाव कसा बोलायचा ते शिकवलं. फेट्याचं तेवढं सांगितलं नाही. तो भर सभेत त्या पाहुण्यांच्या डोक्याला सुतक बांधणार आणि ते उठून जाणार, एवढंच मला बघायचं होतं. त्या आनंदात मला आदल्या रात्री झोपही छान लागली.

पाहुण्या बाई साधारण माझ्याच वयाच्या, बरोबर दोन तरुण. तुमच्या केबिनमध्ये, तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली खुर्च्या मांडलेल्या. कामगार दाराशी दाटीने उभे. ताट आलं, त्यात पांढरेशुभ्र फेटे. मी हात बांधून वाट बघतेय. आणि तुमचा मुलगा पाहुण्यांना ओलांडून माझ्यापाशी आला. म्हणाला, "मॅडम, आधी तुमी. हितं पयला मान घरच्या माणसाचा असतोय."

मी मान मागे घेतली, पण सगळे बघत होते. त्याने बांधला. सफाईदार बांधतो, तुमच्यासारखाच. कामगारांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे तुमच्या फोटोकडे, आणि माझे दोन्ही हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "तुमचे वडील का?"

नाही म्हणाले असते तर पुढचा फेटा त्यांच्या डोक्यावर चढला असता आणि माझं काम फत्ते झालं असतं. मी हो म्हणाले. मग मराठीत तुमच्या मुलाला ताट आत न्यायला सांगितलं. तो गोंधळला, पण घेऊन गेला. बाई तुमच्या फोटोसमोर मान झुकवून उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे ते दोन तरुण. ऑर्डर काल आली. तुमचे माग चालू राहतील, शेठ, आणि त्याचा मला अजूनही संताप येतो. तुम्हाला माफ केलं असं मुळीच समजू नका. हे पत्र फाडून टाकणार आहे, तेव्हा खरं तेच लिहिते. अण्णा अजून आहेत, टेंभुर्णीला असतात, आणि रोज संध्याकाळी फोनवर दिवसभरात काय काय झालं ते विचारतात. त्या दिवसाचं सगळं त्यांना सांगितलं. त्या बाईंना मी काय उत्तर दिलं, तेवढं सांगितलं नाही.