पोचला तर कुणाला पोचला

सोलापूर,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

चि. पृथ्वीराज यास,
तात्याचा आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या काकूचा गुडघा थंडीनं धरला आहे, एवढंच. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी अजून ओसरलेली नाही, होम मैदानाकडून रिक्षा निघता निघत नाही. दर संक्रांतीला तुला पुण्याला तिळगुळाचा डबा पाठवतो, तो या वर्षी आला नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल किंवा नसेल. काकूनं वड्या केल्या होत्या, डबाही भरला होता. मीच थांबवला. गोड बोल असं तुला या वेळी म्हणवत नाही, आणि मलाही गोड बोलायचं नाही.

पत्र बघून हसशील. पण फोन केला की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की तू मीटिंगमध्ये असतोस. मेसेज केला तर जोडलेले हात पाठवतोस. म्हणून कागद घेतला. कागद मधेच बंद करता येत नाही.

तुझा अहवाल वाचला. संस्थेच्या जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची साईट तू बांधलीस आणि इथल्या ऑफिसात ती मी सांभाळतो, म्हणून त्यावर माझीही सही पाहिजे असं संस्थेचं म्हणणं. अहवालात तू लिहिलं आहेस की मैंदर्गीजवळच्या प्रकारात वापरकर्त्याने चुकीचा पर्याय निवडला, यंत्रणेत दोष नाही, आणि उपाय म्हणून ‘वाडा’ हे बटण काढून टाकावं. भाषा स्वच्छ आहे. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

राउट्सची फाईल तूच मला समजावून सांगितली होतीस, आठवतं? मेंढपाळानं फोनवर बटण दाबलं की एक पत्ता तयार होतो. आधी गाव, मग मैंदर्गी, मग बोलावणे, मधे तिरप्या रेघा. तो पत्ता आपल्याकडं आला की फाईल वरून खाली वाचली जाते. ज्या ओळीशी तो जुळला, त्या ओळीपुढं लिहिलेलं काम तो निरोप हातात घेतं आणि त्या तालुक्याच्या गाडीला कळवतं. मी म्हणालो होतो, ही तर संध्याकाळची कोकरं. मेंढरं चरून आली की कोकरं सोडतात, आणि एवढ्या कालव्यात प्रत्येक कोकरू वास घेत घेत आपलीच आई शोधतं. दुसरीकडं गेलं तर ती ढुशी देऊन हाकलते. तू हे तुझ्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलंस म्हणाला होतास. मला फार बरं वाटलं होतं. घरी येऊन काकूला सांगितलं होतं.

तुझ्या ओळी नेटक्या आहेत, यात शंका नाही. शेवटची ओळ मात्र नुसत्या एका चांदणीच्या खुणेची. म्हणजे वर कशाशीच न जुळलेलं जे काय असेल ते सगळं इथं. त्या चांदणीपुढं तू काय लिहिलंस? ‘आपला निरोप पोहोचला आहे. कृपया प्रतीक्षा करा.’

कुणाला पोहोचला? त्या ओळीमागं ना गाडी आहे, ना डॉक्टर, ना मी. निरोप कुठं लिहूनसुद्धा ठेवला जात नाही. फक्त पोहोचला म्हणून सांगितलं जातं.

उद्घाटनाला पाहुणे भलतंसलतं दाबतील आणि ‘पान सापडले नाही’ असं आलं तर चारचौघांत शोभा होईल, म्हणून एका दिवसापुरती ही ओळ टाकतो, असं तू म्हणाला होतास. मी खुर्च्या मांडत होतो. पाहुण्यांनी खरोखरच भलतं दाबलं, पोहोचला असं आलं, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. कार्यक्रम झाला, मांडव उतरला, ओळ तिथंच राहिली.

आता वाड्याचं. पहिल्या पानावर ‘तुम्ही कुठे आहात’ याखाली गाव, वस्ती आणि वाडा अशी बटणं मी मागं लागून टाकून घेतली होती. बटण झालं. फाईलमध्ये गावाची ओळ आहे, वस्तीची आहे. वाड्याच्या जागी तुझी टीप आहे : ‘वाडा म्हणजे जुन्या घराचा प्रकार. गावातच येतो. वेगळं काम नको.’

हे वाचलं आणि मी खुर्चीवरून उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. पृथ्वीराज, पुण्यात वाडा कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. दिंडी दरवाजा, चौक, पितळी कड्यांचा झोपाळा. आपल्यात वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. भोवती जाळीची वाघर, दगडांची चूल, घोड्यावर बिऱ्हाड, आज या रानात तर परवा त्या. तुझा बाप वाड्यावर जन्मला, करमाळ्याकडं, जेऊरच्या शिवारात. गाडीची शिट्टी झाली की रडायचा थांबायचा म्हणून आजी त्याला टेसनमास्तर म्हणायची. सयाजीआण्णानं हे तुला सांगितलं नसेल. फ्लॅटमध्ये हे सांगायला जागा नसते. पण त्याचा मुलगा लिहितो, जुन्या घराचा प्रकार. अरे, त्या माणसांना घर नसतं म्हणून तर ते बटण वेगळं होतं.

त्यांनी बरोबर बटण दाबलं. तुझ्याकडं त्याला जुळणारं काही नव्हतं. आणि उपाय म्हणून तू आता बटणच काढायला निघालास.

तुझ्या त्या वापरकर्त्याविषयी लिहितो. अहवालात तू तिला बाईसुद्धा म्हटलेलं नाहीस, नुसता फोन नंबर आहे. संक्रांतीच्या तोंडावर मैंदर्गीच्या पुढं शंकरप्पा म्हणून एका शेतकऱ्याच्या रानात त्यांचा वाडा बसला होता. तूर निघाली होती, खतासाठी त्यानंच बोलावलं होतं. मेंढरांची नाकं गळायला लागली, चारा सोडला. बाईनं फोन काढला. वाड्यावर होती म्हणून वाडा दाबलं. पोहोचला आहे, प्रतीक्षा करा. तिनं प्रतीक्षा केली. दुसऱ्या दिवशी परत दाबलं, परत तेच. तोवर पहिली मेंढी पडली होती. नवरा म्हणाला, मी अक्कलकोटला जाऊन डॉक्टर आणतो. तिनं त्याला अडवलं. गाडी येईल आणि गडी माणूस वाड्यावर नसला तर मेंढरं धरायची कुणी, म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी शंकरप्पा रानात आला. तो निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतो. मेंढरं बघितली, तिच्या हातातला फोन बघितला, आणि “फोन बिडरी, सोडा तो, गाडीवर बसा,” एवढंच नवऱ्याला म्हणून त्याला मागं बसवून घेऊन गेला. डॉक्टर आले. आधी सुई पडली असती तर बरीचशी उभी राहिली असती, असं म्हणाले. आता जी उरली आहेत ती वाघरीच्या एका कोपऱ्यात मावतात. बाकीची वाघर मोकळी.

मी गेलो तेव्हा तिचा नवरा खड्डा बुजवत होता. मान वर न करता म्हणाला, “या पाव्हणं. भाच्यानं लिव्हलंय नव्हं का, पोचला म्हनून. देवाला पोचला आसंल.”

भाच्यानं म्हणाला तो. तो धुळा होता, पृथ्वीराज. तुझा वापरकर्ता म्हणजे मायाक्का. तुझी आत्या.

तुझ्या पुण्याच्या घरात भिंतीवर शोभेला टांगलेली घोंगडी आहे ना, तिची लोकर त्याच कळपाची.

मायाक्का रडली नाही. चहा ठेवला. मग फोन माझ्या हातात दिला, ते पान अजून उघडंच होतं. “दादा, पोचला म्हंतंय ह्ये,” ती म्हणाली. “पोचला तर कुनाला पोचला?” भांडायला विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कुणीतरी असेल, त्याला निरोप मिळाला असेल, त्याची काही अडचण झाली असेल, असं तिला वाटत होतं. मी तिला काय सांगू? चांदणी?

पोराला कळवू नगंस, जिवाला लावून घील, असं तिनं निघताना मला बजावलं. मी तिचं ऐकणार होतो. तुझा अहवाल हातात पडेपर्यंत ऐकलंही.

एक गोष्ट मी मघापासून टाळतो आहे. दुसऱ्या दिवशी तिनं मला फोन केला होता. मी जत्रेतल्या नंदीध्वजांच्या दर्शनाला निघालो होतो, पायात चप्पल घातलेली. ती म्हणाली, गाडी आली न्हाय. मी विचारलं, पानावर काय आलंय? पोचला आलंय, म्हणाली. मी म्हणालो, मग पोचला. पृथ्वीनं केलंय ते, चुकायचं नाही. थांब, येतील. आणि दर्शनाला गेलो. माझ्याकडं आलेल्या निरोपांत तिचा आहे का, एवढंही उघडून बघितलं नाही. धुळाला तिनं अडवलं ते तुझ्या पानावरून नाही, माझ्या शब्दावरून.

तुझं खोटं माझ्या तोंडातून गेलं. बहिणीच्या कानात गेलं. याचा राग तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, ते मला वेगळं करता येत नाही, आणि करायचंही नाही.

आज सिद्धेश्वराला जाऊन आलो. राग घेऊन देवापुढं उभं राहू नये म्हणतात. मी घेऊन उभा राहिलो आणि घेऊनच परत आलो. देव काही बोलला नाही. पण पोहोचलं असंही म्हणाला नाही, तेवढ्यानं मला बरं वाटलं.

तिथून ऑफिसात जाऊन चांदणीची ओळ बदलली. काढली नाही, शेवटी एक ओळ लागतेच हे तूच शिकवलंस. आता तिथं येतं, ‘हा निरोप कुणालाही मिळालेला नाही. या नंबरवर फोन करा.’ नंबर माझा आहे. ज्या कोकराला आई सापडत नाही ते ओरडतं. कुणाला झोपू देत नाही. म्हणून तर माणूस उठून बघायला जातो. तू त्याच्या तोंडात बोळा कोंबून ठेवला होतास.

वाड्याची ओळ मी लिहिलेली नाही. लिहिता आली असती. ती तू लिहायची.

शनिवारी संस्थेची बैठक आहे. हीच साईट शेजारच्या जिल्ह्यात न्यायचं ठरतं आहे, आणि तिकडंही वाडे बसतात. तुझ्या अहवालावर मी सही करणार नाही, तसं कळवलं आहे. ऑफिसातली प्रियंका म्हणाली, सर, सही केली नाही तर ते तुम्हालाच घरी बसवतील. बसवू देत. माझ्या हातानं मायाक्काला चुकीची ठरवून मी त्या खुर्चीवर बसणार नाही.

शनिवारच्या आत ‘चुकीचा पर्याय निवडला’ हे वाक्य मागं घे. घेतलं नाहीस तर त्या फोन नंबरच्या जागी मी बैठकीत नाव सांगेन, आणि ती तुझी कोण लागते तेही सांगेन. ही धमकी आहे. तात्यानं तुला कधी धमकी दिली नव्हती, ती आज दिली असं समज.

पत्र मिळाल्याचं कळव, असं शेवटी लिहायची आपल्याकडं रीत आहे. तू कळवू नकोस. पोहोचल्याच्या निरोपावर माझा आता विश्वास नाही. स्वतः ये. वाडा अजून शंकरप्पाच्या रानातच आहे. तुझी वाट बघत थांबलेला नाही, उरलेली मेंढरं चालण्याजोगी नाहीत म्हणून थांबला आहे. तिळगुळाचा डबा मी मायाक्काकडं ठेवून आलो. तुला द्यायचा की नाही ते ती ठरवेल. मैंदर्गीत उतरलास की कुणालाही विचार, वाडा कुठं आहे. तिथं तुला कुणी जुनं घर दाखवणार नाही.

अजून तरी तुझाच,
बिभीषणतात्या