गाणं कडूबाईचं

येरमाळा
गुरुवार, ५ मार्च २०२६

चि. योगीराज,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कुरिअरनं पाठवतेय. ज्वारी काढून झाली. हर्षालीची बारावीची परीक्षा चालू आहे. वहिनीचा खोकला गेला का?

माय ठणठणीत आहे. फक्त गात नाही.

तू पाळण्यात असताना चुनखडीच्या रानात तिनं केलेलं येडाईचं गाणं हर्षालीनं आजीच्या आवाजात मोबाईलवर टाकलं होतं. तुझ्या पुण्याच्या म्युझिक कंपनीनं कॉपीराइटचा दावा लावून ते काढायला लावलं. वर मायलाच वकिलाची नोटीस: गाणं आमच्या मालकीचं, कडूबाईंनी परवानगीशिवाय कुठंही गाऊ नये. चोराच्या उलट्या बोंबा! तेव्हापासून मंगळवारी देवीची गाणी म्हणायला आराधी बाया जमल्या, की माय नुसती झांज वाजवते. चैती यात्रा तोंडावर आलीय.

धाराशिवच्या श्रावस्ती वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, गाणं मी रचलं, एवढंच प्रतिज्ञापत्रात सांगा."

मायनं कानाला हात लावले. "येडाईनं दिलेलं माझं म्हनू व्हय? जीभ झडंल माझी."

आराधी बाई गाणं आपलं म्हणत नाही, हे तुला का ठाऊक नव्हतं? म्हणून तर स्टुडिओत कॅमेऱ्यापुढं बसवून विचारलंस, "माय, ह्ये गाणं तू केलंस का?" ती हसून म्हणाली, "न्हाय रं लेकरा." तोच व्हिडिओ कंपनीनं पुरावा म्हणून पुढं केलाय. मी मात्र गावभर सांगत होते, आमच्या योगीराजला कंपनीनं फसवलं.

नोटिशीसोबत कराराची प्रत आली होती. ती मी हर्षालीलाही वाचू दिली नाही. गीतकार: योगीराज. खाली तुझी सही. लाज कशी वाटली नाही रे? एवढी हाव कुठून आली? तरीही मी ते मायपासून लपवलं. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

काल वकीलबाई घरी आल्या. सही कुणाची, हे त्यांना सांगावंच लागलं. माय चुलीपुढं बसून ऐकत होती. उठली आणि देवळात गेली. येडाईला फूल लावून, गाणं आपलं म्हणू का, असा कौल मागितला. उजवा आला.

परत येऊन म्हणाली, "लिवा बाई. गाणं म्या केलं."

वकीलबाईंनी दबकत विचारलं, "आणि मुलाचं नाव?"

"त्येबी लिवा. गाणं म्या केलं, आन् चोरनाराबी म्याच केला."

मग भाकरी थापायला बसली. स्वतः मात्र घासही खाल्ला नाही.

कागद सोमवारी कोर्टात दाखल होईल. त्याआधी ये. तिच्यासमोर बस आणि गाणं कुणाचं ते तुझ्या तोंडानं सांग. कोर्टानं सांगितलं तर ती जिंकेल, पण तू सांगितलंस तरच पुन्हा गाईल, असं मला वाटतं. नाही आलास, तर साक्षीला मी उभी राहणार आहे. मग मला अक्का म्हणून हाक मारू नकोस.

कडेवर घेऊन तुला हेच गाणं म्हणत निजवणारी,
सोमवारपर्यंत तुझीच,
शिवकन्याअक्का