गावपळणीत माझी झोपडी

भावा बाबली,

आज तू रेडीहून येशील तेव्हा दाराला बाहेरून कडी दिसेल. घाबरू नको. गावपळण आहे. देवाचा कौल झाला आणि सगळा गाव गुराढोरां-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायला निघाला. मीही त्यांच्याबरोबर जाते आहे.

तू म्हणशील, बायचा काय संबंध? चार वर्षांपूर्वीच्या गावपळणीत गावचे मानकरी गंगाराम गावकार मला म्हणाले होते, "सुईणबाई, तुमी भायरची माणसां. तुमका बंधन नाय." ते तीन दिवस मी ओसाड गावात एकटीच बसून काढले. तुला कधी बोलले नाही.

काल तेच गावकार दारात आले. देवळात बैठक झाली म्हणाले. सुईणीचं काम कायमचं माझ्याकडे, आणि हे घर मरेपर्यंत माझं. जाताना मागे वळून म्हणाले, "तुझी झोपडी आमच्याच रांगेत आसा. सकाळीच भायर पड गो." सासरी बारा वर्षं राबले, तिथे माझ्यासाठी कुणी एक झावळीसुद्धा उचलली नव्हती.

रेडीला माझ्यासाठी खोली बघितलीस, ती सोडून दे. रागावू नको रे.

चुलीजवळ पेज आणि भाजलेला सुका बांगडा झाकून ठेवला आहे. जेव. मग वेशीबाहेर ये, नाहीतर इथेच खुशाल झोप. तू पाहुणा आहेस, तुला बंधन नाही.

मला आहे.

तुझी बाय